घराची प्रकृती : वॉलपेपरवर रंग देण्यापूर्वी

आमच्या सासूबाईंच्या खोलीतील वॉलपेपर मामंजींनी मोठ्या हौसेने लावून घेतला होता. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. फिकट बदामी रंग, त्यावर बारीक वेलबुट्टी. मामंजी गेले, तरी तो कागद राहिला. गेल्या दोन पावसाळ्यांत मात्र न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर त्याचे सांधे सुटू लागले. एक कोपरा पंख्याच्या वाऱ्याने रात्रभर फडफडत असे. कपाट पुढे ओढले तर मागून कुबट वास येई. सासूबाईंचे वय ब्याऐंशी. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, आणि अलीकडे पहाटे खोकल्याची उबळही येऊ लागली होती.

दिवाळी तोंडावर आली होती. कागद काढायचा म्हणजे पसारा, धूळ, चार दिवसांची अडचण. म्हणून आम्ही सोपा मार्ग निवडला : कागदावरूनच रंग देऊन टाकायचा. दोन दिवसांत काम उरकले आणि खोली उजळली. वसुबारसेला पाहुण्यांनी कौतुकही केले. भाऊबीजेपर्यंत न्हाणीघराकडच्या भिंतीवर, कढईत पुऱ्या फुगाव्यात तसे फुगे आले. बोट लावले की रंग आणि कागद एकत्रच सुटून हातात येत. रंगाऱ्याला दोष द्यावा तर घाई आमचीच होती.

त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत ती खोली आम्ही नव्याने दुरुस्त केली. त्यात जे शिकलो ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. ज्या घरात वृद्ध माणूस दिवसाचे वीस-वीस तास एकाच खोलीत काढतो, त्या घरात भिंतीचे काम हे केवळ शोभेचे काम राहत नाही, हे त्यातले पहिले शिक्षण. शेवटचे शिक्षण आम्हाला सासूबाईंनी दिले. त्याकडे लेखाच्या अखेरीस येतो.

आधी ओल, मग कागद

वॉलपेपर भिंतीला धरून राहतो तो खळीच्या जोरावर. ही खळ बहुधा पिष्ठाची किंवा सेल्युलोजची असते आणि पाण्यात विरघळते. पाण्यात कालवलेला रंग तिच्यावर पडला की तीच क्रिया घडते, जी ओल्या फडक्याने पाकिटाचे तिकीट सुटते तेव्हा घडते. कागद पाणी पिऊन ताणतो, खळ सैल होते आणि मध्ये हवा शिरते. यातच मागून भिंतीची ओल येत असेल तर कागद टिकण्याची आशाच नको.

म्हणून पहिला प्रश्न कागदाचा नसून ओलीचा आहे. ती कोठून येते? न्हाणीघराच्या फरशांच्या सांध्यांतून, भिंतीत गाडलेल्या नळाच्या कोपरातून, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगेतून, की गच्चीवरून? एक साधी चाचणी घरी करता येते. कागद निघालेल्या जागी, उघड्या भिंतीवर, हातरुमालाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस थेंब दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस दव धरले तर खोलीतील हवाच दमट आहे. तेथे खिडकी उघडणे, ओले कपडे खोलीत न वाळवणे, न्हाणीघराला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे, हे उपाय होत.

आमच्या घरी थेंब भिंतीकडून आले. फरशांचे सांधे नव्याने भरून घेतले. नळाचा एक कोपर पाझरत होता, तो बदलला. त्यानंतर भिंत वाळेपर्यंत थांबलो. विटांची भिंत वाळण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. भिंतीवर पांढरी मिठासारखी भुकटी उमटत असेल, ज्याला आपण लोणा लागणे म्हणतो, तर ओल अजून वाटेत आहे असे समजावे. भुकटी कोरड्या ब्रशने झाडून घ्यावी आणि वाट पाहावी.

येथे आपल्या एका प्रिय रूढीविषयी बोलणे भाग आहे. दिवाळीपूर्वी घर रंगवण्याची प्रथा सुंदर आहे. पण कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात चार महिने पाऊस प्यायलेली भिंत आश्विनात पुरती वाळलेली नसते. ज्या भिंतीला ओलीचा इतिहास आहे, तिचे काम माघ-फाल्गुनापर्यंत पुढे ढकलावे. दिवाळीला तोरण बांधावे, पणत्या लावाव्यात. भिंतीला थोडी मुदत द्यावी.

बुरशी का टाळावी

कागद, खळ आणि ओल हा बुरशीचा आवडता आहार. कागदामागे अंधार असतो आणि वारा नसतो. त्यामुळे पुढून दिसण्यापूर्वी ती मागे फैलावलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका अधिक असतो, हे त्यांचे सार आहे. ज्येष्ठांत, विशेषतः ज्यांना दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे, त्यांच्याबाबत हा इशारा अधिक गंभीरपणे घ्यावा. पहाटेच्या प्रत्येक खोकल्याचे कारण भिंत असते असे नाही. ते डॉक्टरांनीच ठरवावे. पण डॉक्टरांना खोलीच्या ओलीविषयी सांगावे जरूर.

भिंतीवरील कागद माणसाला आजारी पाडू शकतो, ही शंका जुनीच आहे. १७७५ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक झळझळीत हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात युरोपभर या जातीच्या हिरव्या रंगांचे वॉलपेपर लागले. दमट खोल्यांत राहणारी माणसे आजारी पडत आणि कारण उमगत नसे. पुढे १८९०च्या दशकात गोसिओ या इटालियन वैद्याने दाखवून दिले की, अशा रंगावर वाढणारी बुरशी लसणासारख्या वासाचा आर्सेनिकयुक्त वायू सोडते. आजच्या कागदांत तो रंग नाही, त्यामुळे त्या भीतीचे कारण उरलेले नाही. ओल आणि बुरशी मात्र त्याच आहेत.

बुरशी लागलेला कागद स्वच्छ करून वापरता येत नाही. तो काढून टाकावा. काढण्यापूर्वी त्यावर पाणी फवारावे, म्हणजे बुरशीचे कण उडत नाहीत. निघालेले तुकडे पिशवीत बांधून लगेच घराबाहेर न्यावेत. मागची भिंत साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवावी. एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे हवेतच. बुरशीचा डाग साधारण दहा चौरस फुटांहून मोठा असेल तर घरच्या माणसांनी हात घालू नये, जाणकाराकडून काम करून घ्यावे. ब्लीचिंगचे पाणी वापरणार असाल तर ते संडास धुण्याच्या आम्लात किंवा अमोनिया असलेल्या कोणत्याही द्रावणात कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. आणि बुरशीवर नुसता रंग चढवणे म्हणजे जखमेवर पावडर लावणे. रंग काही दिवसांत पोपड्यांनी गळून पडतो.

ठेवावा की काढावा

खरे पाहता, जुना कागद पूर्ण काढून रंग देणे हे सर्वांत उत्तम. परंतु प्रत्येक घराला ते झेपत नाही. काही ठिकाणी कागद ओढताना गिलाव्याचे पापुद्रेही सुटून येतात, काही ठिकाणी रुग्णाला अधिक दिवस खोलीबाहेर ठेवता येत नाही. अशा वेळी कागद दुरुस्त करून त्यावर रंग देणे हा रास्त पर्याय आहे, मात्र पुढील अटींवर.

भिंत पूर्ण कोरडी असावी. कागद एकाच थराचा असावा आणि त्याचा बहुतेक भाग भिंतीला घट्ट धरून असावा. तळहाताने थोपटत गेल्यास जेथे पोकळ आवाज येतो, तेथे तो सुटला आहे असे समजावे. निम्मी भिंत पोकळ वाजली तर दुरुस्तीचा विचार सोडावा. आणि कागदावर प्लास्टिकचा म्हणजे विनाइलचा गुळगुळीत थर नसावा. हे ओळखण्यासाठी ओले बोट फिरवावे. पाणी शोषून जागा काळवंडली तर कागद साधा. थेंब घरंगळला तर विनाइल. विनाइलवर रंग नीट धरत नाही, शिवाय तो मागची ओल कोंडून ठेवतो. सुदैवाने अनेक विनाइल कागदांचा वरचा थर कोपऱ्यातून धरून सावकाश ओढला की सलग निघतो. मागे उरणारा पातळ कागद कोमट पाण्यात किंचित भांड्याचा साबण घालून भिजवावा, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावा आणि बोथट पट्टीने खरवडावा. खळीचा चिकटपणा पुसून काढणे विसरू नये. तो राहिला तर त्यावरचा रंग तडकतो.

आमच्या घरी न्हाणीघराकडचा कागद आम्ही पूर्ण काढला. उरलेल्या तीन भिंती कोरड्या होत्या, तेथे कागद साधा होता आणि दिवाळीतला रंगही बऱ्यापैकी धरून राहिला होता. त्या दुरुस्त करून घेतल्या.

दुरुस्तीचा क्रम

या कामात क्रम चुकला की श्रम वाया जातात, म्हणून तो क्रमानेच सांगतो.

सुटलेला सांधा : कडा हळूच उचलावी, मागची धूळ मऊ ब्रशने झाडावी, कागदाची पाठ किंचित ओलसर करून बारीक ब्रशने खळ लावावी. वॉलपेपरची खळ भुकटीच्या रूपात दुकानात मिळते. कडा दाबून बसवावी, ओल्या स्पंजाने बाहेर आलेली खळ टिपावी आणि लाटणे फिरवावे तशी छोटी रूळ वरून खाली फिरवावी. कडा एकमेकींवर चढू देऊ नये.

फुगा : धारदार पात्याने फुग्यावर उभी चीर द्यावी. शुश्रूषेच्या घरात औषधांच्या डब्यात हमखास एखादी न वापरलेली मोठी सिरिंज असते. सुई न लावता तिने पातळ खळ आत सोडता येते. मग मधून कडेकडे हवा दाबत न्यावी. फुगा मोठा असेल, किंवा आतला कागद कुरकुरीत झाला असेल, तर तो भाग कापूनच टाकावा. त्यावर रंगच द्यायचा असल्याने वेलबुट्टी जुळवण्याची चिंता नाही.

फाटलेला भाग : जे सुटले आहे ते सारे काढावे. अर्धवट धरलेले पापुद्रे चिकटवत बसू नये. उरलेल्या कागदाची कडा बारीक पॉलिश पेपरने उतरती करावी.

अस्तर : खळ पूर्ण सुकल्यावर, म्हणजे निदान एक दिवसाने, सबंध भिंतीवर तेलात कालवलेल्या प्रायमरचा हात द्यावा. आमची दिवाळीतली मुख्य चूक हीच होती. पाण्याचा प्रायमर कागद पुन्हा भिजवतो, तेलाचा प्रायमर कागदावर आवरण धरतो आणि पुढची लांबी व रंग यांतील पाणी आत जाऊ देत नाही. पण हेही ध्यानात ठेवावे की, हे आवरण ओल बाहेरही पडू देत नाही. म्हणूनच भिंत कोरडी असण्याचा एवढा आग्रह.

लांबी : कागद कापलेल्या खड्ड्यांत आणि सांध्यांवर लांबी भरावी. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर वाळू द्यावा. शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवून हात फिरवून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटांना कळतो. लांबीच्या जागांवर पुन्हा प्रायमर, आणि मग रंगाचे दोन हात.

जुन्या इमारतींसाठी एक विशेष सूचना. कागदाखाली किंवा दारे-खिडक्यांवर जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नये. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते. त्याची धूळ श्वासातून आणि हातातोंडातून शरीरात जाते, आणि आजीच्या खोलीत रांगणाऱ्या नातवंडांना ती सर्वांत घातक. अशा जागी पृष्ठभाग ओला ठेवून घासावे, गाळ ओल्या फडक्याने टिपावा, केरसुणीने उडवू नये.

खोलीत माणूस राहतो

रंगाऱ्याच्या दृष्टीने खोली रिकामी असते. शुश्रूषा करणाऱ्याच्या दृष्टीने ती कधीच रिकामी नसते. म्हणून काही पथ्ये घरच्यांनीच सांभाळावीत.

तेलाच्या प्रायमरचा आणि टर्पेंटाइनचा वास दम्याच्या रुग्णाला सोसत नाही. त्या दिवसांत आणि नंतरच्या दोन-तीन रात्री रुग्णाने दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे राहावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरात प्राणवायूचे यंत्र किंवा नळकांडे वापरात असेल तर त्या खोलीत आणि लगतच्या खोलीत असे ज्वलनशील द्रव वापरू नयेत. देव्हाऱ्यातील समई आणि उदबत्तीही त्या काळात दूर ठेवावी. वरच्या रंगासाठी कमी वासाचे, पाण्यात कालवलेले रंग सहज मिळतात.

भिंत भिजवताना बटणांच्या व प्लगच्या आसपास पाणी जाते. त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य पेटीतून बंद करावा. जमिनीवर वर्तमानपत्रे किंवा प्लास्टिक अंथरले की पाय घसरतो. जाड चादर अंथरून तिच्या कडा चिकटपट्टीने बसवाव्यात, आणि न्हाणीघराची वाट मोकळी ठेवावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी त्या दिवसांत खोलीत अनवाणी फिरू नये. पात्याचा तुकडा रुतला तरी त्यांना कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खरवडण्याच्या कामाला हात लावू नये. आणि साठी उलटलेल्या सर्व हौशी मंडळींना हात जोडून विनंती : शिडीवर चढू नका. 'एवढासा कोपरा राहिला आहे' असे म्हणून चढलेली माणसे खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर घेऊन घरी आलेली मी पाहिली आहेत.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत आणखी दोन गोष्टी. दाट नक्षीचा कागद त्यांच्यापैकी काहींना त्रास देतो. वेलबुट्टीत चेहरे दिसतात, किडे चालताना दिसतात. अशा वेळी नक्षी झाकून एकरंगी भिंत करणे हा औषधाइतकाच मोलाचा उपाय ठरू शकतो. मात्र खोलीच्या वस्तूंची मांडणी बदलू नये. काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि पलंग, घड्याळ, देवाची तसबीर, पाण्याचा तांब्या पुन्हा त्याच जागी ठेवावा.

आईंचा सांधा

हे सारे आम्ही केले. माघात काम काढले. सासूबाई चार रात्री नणंदेकडे राहिल्या. रंग चमक नसलेला निवडला, कारण काचबिंदूच्या डोळ्यांना चकाकणारी भिंत त्रास देते. लांबी अशी बसली होती की कागदाचा एकही सांधा शोधून सापडेना. रंगारी स्वतः भिंतीवर तळहात फिरवून समाधानाने हसला. पाचव्या दिवशी सासूबाई घरी आल्या. वास नव्हता, खोकला नव्हता. 'छान वाटतंय गं,' असे म्हणून त्या झोपल्या.

रात्री दोनच्या सुमारास काहीतरी पडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. सासूबाई कपाटापाशी, न्हाणीघराच्या नेमक्या उलट दिशेला, दोन्ही तळवे भिंतीला लावून उभ्या होत्या. तांब्या खाली पडला होता. त्या पडल्या नव्हत्या, हे नशीब. पण न्हाणीघरापर्यंत पोहोचता न आल्याने जे व्हायला नको होते ते झाले होते, आणि त्यांची मान वर होत नव्हती.

'अगं, सांधाच लागत नाही हाताला,' त्या म्हणाल्या.

लुगडे बदलून, त्यांना पलंगावर बसवून मग आम्ही विचारले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा आम्हाला कळले. या वॉलपेपरची गुंडाळी सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे भिंतीवर तेवढ्या-तेवढ्या अंतरावर एक उभा सांधा येतो. सासूबाईंची नजर कडांकडून आकसत गेली तशी त्यांनी रात्रीची वाट बोटांनी पाठ केली होती. पलंगाच्या पायथ्याशी हात भिंतीला लावायचा. एक सांधा, दुसरा सांधा, आणि तिसऱ्याची कडा जेथे उचललेली होती, तेथे उजवीकडे वळले की दार. दिवाळीच्या रंगाने ते सांधे झाकले गेले होते, पण बोटांना लागत होते. आमच्या लांबीने ते पुसून टाकले. त्यांच्या दृष्टीने ती भिंत दुरुस्त झालीच नव्हती, हरवली होती.

'मग आधी सांगितलं का नाही, आई?' माझ्या यजमानांनी विचारले.

'तुम्ही रंगाचं विचारलंत. बदामी की पांढरा, एवढंच,' त्या म्हणाल्या. स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावले. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत सलग लाकडी कठडा बसवला. त्याची उंची ठरवताना पुस्तकातले माप घेतले नाही. सासूबाईंना सरळ उभे करून त्यांचा हात जेथे सहज टेकतो तेथे खूण केली. ती जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर आली. जाडी मुठीत मावेल एवढी, सुमारे चार सेंटिमीटर, आणि भिंतीपासून बोटे सुटी फिरतील एवढे अंतर. कठड्यावर माणूस सारा भार टाकतो, म्हणून त्याचे स्क्रू नुसत्या गिलाव्यात न ठेवता विटेत खोलवर गेले पाहिजेत. त्यासाठी नव्या रंगावर पुन्हा छिद्रे पडली, पुन्हा धूळ झाली, पुन्हा डागडुजी. लांबी भरण्यापूर्वी हे सुचले असते तर एक फेरा वाचला असता. न्हाणीघराच्या दाराची चौकट गडद तपकिरी रंगवली, म्हणजे फिकट भिंतीत ती उठून दिसते. जमिनीलगत मंद दिवा लावला.

कठडा बसल्यावर सासूबाईंनी तो आरपार चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, 'वळायचं कुठे, ते कसं कळणार?' मग स्वतःच सुतळी मागून घेतली आणि जुना तिसरा सांधा होता त्या जागी कठड्याला सात-आठ वेढे आवळून बांधले. त्या रात्री मी जागीच होते. दोनला पलंग वाजला, कठड्यावरून हात सरकत गेल्याचा आवाज आला, क्षणभर थांबला, आणि न्हाणीघराचे दार लागले.

वाचकांना म्हणूनच सांगणे आहे. रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील ज्येष्ठाबरोबर त्यांच्या खोलीत जावे. त्यांना नेहमीसारखे पलंगावरून उठू द्यावे आणि न्हाणीघरापर्यंत, देव्हाऱ्यापर्यंत, दारापर्यंत चालू द्यावे. आपण मागे राहावे आणि त्यांचा हात कोठे कोठे टेकतो ते पाहावे. तेथे पेन्सिलीने खूण करावी. भिंतीवरील काळपट झालेले पट्टे, जे आपण आजवर मळ म्हणून पुसत आलो, ते बहुधा या हातांचेच असतात. कोणती खूण ठेवायची, कोठे कठडा हवा, कोणती कडा पायात किंवा बोटांत अडकते म्हणून काढायची, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. मग ओलीची परीक्षा, मग कागद, मग अस्तर आणि लांबी. रंगाची निवड सर्वांत शेवटी.

काढलेल्या कागदाचा एक धड तुकडा सासूबाईंनी टाकू दिला नाही. तो आता त्यांच्या कपाटाच्या खणात, घडी घातलेल्या लुगड्यांखाली अंथरला आहे. सुतळी मात्र दर दोन महिन्यांनी बदलावी लागते. हाताने झिजते.